शब्दांवाचून एव्हिता : टँगोच्या प्रयोगात चरित्र कसं बसवतात

एव्हा पेरोन, म्हणजे लोकांची एव्हिता, आयुष्यभर बोलत होती. आधी रेडिओवरची नटी म्हणून, मग अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांची बायको म्हणून लाखोंच्या सभांत, आणि १९५१ च्या ऑगस्टअखेर पुन्हा रेडिओवर, उपाध्यक्षपदाची उमेदवारी नाकारताना. टँगोत मात्र बोलायची सोयच नाही. दोन माणसं, एक मिठी आणि तीन मिनिटांची चाल एवढंच भांडवल. तेवढ्यावर तिची तेहेतीस वर्षं उभी करायची, तीही गावोगाव फिरत, अर्जेंटिनाचा इतिहास ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांपुढे. हे जमतं, पण नाच चांगला झाला म्हणून जमत नाही. चाल कुठल्या सालची निवडली आणि मिठीत कोण कुणाला नेतंय, या दोन गोष्टींवर सगळा डोलारा उभा असतो.

मंचावर दिसणारा टँगो आणि ब्युनोस आयर्सच्या हॉलांत लोक नाचतात तो टँगो हे सख्खे भाऊ असले तरी एक नव्हेत. हॉलातल्या नाचाच्या बैठकीला मिलोंगा म्हणतात. तिथे पावलं आयत्या वेळी सुचतात, पाय जमिनीलगत राहतात आणि शेजारच्या जोडीला टाच लागली तर तो असभ्यपणा ठरतो. मंचावरचा नाच आधी बसवलेला असतो. त्यात पाय खांद्यापर्यंत जातात, उचलाउचली असते, आणि सगळं एकाच दिशेला बसलेल्या प्रेक्षकांसाठी असतं. ब्युनोस आयर्सला २००३ पासून होणाऱ्या जागतिक स्पर्धेत या दोहोंचे गटही वेगळे आहेत. मंचाच्या टँगोला जगभर फिरतं केलं ते क्लाउदिओ सेगोविया आणि हेक्तोर ओरेसोली यांच्या ‘टँगो अर्जेंतिनो’ने. पॅरिसला १९८३ मध्ये, ब्रॉडवेवर १९८५ मध्ये. त्यात गोष्ट नव्हती, एकामागून एक नाच होते. गोष्ट नसण्याचा फायदा दौऱ्यावर कळतो. एखादी जोडी जायबंदी झाली तर तिचा नाच गाळायचा, कुणाला पत्ता लागत नाही. चरित्रात लग्नाचा प्रवेश गाळता येत नाही.

आता सालांकडे येऊ. एव्हा दुआर्ते १९१९ मध्ये पंपाच्या गवताळ मुलखातल्या लोस तोल्दोस गावी जन्मली, पुढे हुनीनला वाढली आणि १९३५ च्या जानेवारीत, पंधरा वर्षांची असताना राजधानीत आली. त्याच वर्षी जूनमध्ये टँगोचा सर्वांत मोठा गायक कार्लोस गार्देल मेदेयिनच्या विमान अपघातात गेला. वर्ष सरता सरता हुआन द्’आरिएन्सोच्या वाद्यवृंदात रोदोल्फो बियाजी पियानोवर बसला, आणि तुटक, धावत्या ठेक्याने तरुण मंडळी पुन्हा नाचायला लागली. १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात. एव्हाची राजधानीतली सगळी वर्षं या चौकटीत बसतात. दुसऱ्या कुठल्याही राजकीय व्यक्तीच्या बाबतीत टँगोला असं आयतं कॅलेंडर मिळत नाही.

हे कॅलेंडर पाळणं म्हणजे काय? लोस तोल्दोसच्या प्रवेशात बँडोनिऑन, म्हणजे टँगोचं भात्याचं वाद्य, वाजवायचं नाही. तो शहराचा आवाज आहे. गावाकडे गिटार, आणि गिटारीवर शेतमळ्यातली संथ मिलोंगा (हा शब्द नाचाच्या बैठकीला लागतो तसाच एका चालीलाही लागतो, त्याला इलाज नाही). हुनीनची गाडी राजधानीच्या रेतिरो स्थानकात शिरली की मग पहिल्यांदा बँडोनिऑनचा भाता उघडायचा. प्रेक्षकाला सालसनावळी ठाऊक नसली तरी ‘ही शहरात आली’ हे कानांना कळतं. धडपडीच्या वर्षांना द्’आरिएन्सोचा धावता ठेका. पेरोनशी भेट १९४४ च्या जानेवारीतली, सान हुआनच्या भूकंपग्रस्तांसाठी लुना पार्कमध्ये झालेल्या कार्यक्रमातली. तिथे कार्लोस दी सार्लीची लांब श्वासाची, चालायला लावणारी चाल शोभते. लुना पार्क हे ठिकाणही फुकट घालवू नये. १९३६ मध्ये गार्देलचं शव अंत्यदर्शनाला तिथेच ठेवलं होतं. एकच नेपथ्य, फक्त दिवे बदलून, आठ वर्षांच्या अंतराने दोनदा वापरता येतं.

इथे एक हमखास घसरण होते. जोरकस, छातीवर आदळणारा ठेका हवा म्हणून पेरोनच्या सत्तेच्या प्रवेशाला ओस्वाल्दो पुग्लिएसेचं संगीत लावतात. पुग्लिएसे कम्युनिस्ट होते आणि पेरोनच्या राजवटीत तुरुंगात गेले होते. ते नसताना त्यांच्या पियानोवर लाल फूल ठेवून वाद्यवृंद वाजवत असे. त्यांच्या चालीवर पेरोनचा जयजयकार दाखवला की जाणकार प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करतो. तेच संगीत तुरुंगाच्या किंवा विरोधकांच्या प्रवेशाला लावलं तर सोनं होतं. दुसरी घसरण संगीतकार आस्तोर पियाझोलाची. त्याची नवी वाट ठसठशीत झाली ती १९५५ च्या आठ जणांच्या संचापासून, म्हणजे एव्हाच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. तिच्या तारुण्यात पियाझोला घालणं म्हणजे पेशवाईच्या नाटकात बोलपट-गीत घालण्यासारखं.

मिठीची गोष्ट जरा जवळून पाहायला हवी. टँगोच्या रूढ मिठीत पुरुषाचा उजवा हात बाईच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली असतो. त्याच्या डाव्या हातात तिचा उजवा हात. तिचा डावा हात त्याच्या दंडावर किंवा खांद्यावर. दिशा हातांनी देत नाहीत, छातीने देतात. तो किंचित वळला की तिला पाऊल कळतं. या खुणेला ‘मार्का’ म्हणतात. म्हणजे नाचाच्या व्याकरणातच नेणारा आणि मागे येणारी ठरलेली आहे. एव्हाची गोष्ट नेमकी याच्या उलट जाते, आणि म्हणून तिच्या प्रयोगाचा कणा म्हणजे मिठी उलटण्याचा क्षण.

तो असा बसवतात. ‘हिरो’ या गिरकीत ती त्याच्याभोवती पुढचं, बाजूचं, मागचं, बाजूचं अशी पावलं टाकत फिरते. बाजूच्या पावलावर दोघं समोरासमोर येतात. तिथे, चालीचं एक वाक्य संपून दुसरं सुरू व्हायच्या फटीत, जोडलेले हात सुटतात. तिचा उजवा हात त्याच्या पाठीवर जातो, त्याचा डावा तिच्या खांद्यावर चढतो, आणि दुसऱ्या बाजूला तिचा डावा आणि त्याचा उजवा जोडला जातो. पुढचं पाऊल ती देते. किमान दोन ठोके लागतात, चार दिले तर उत्तम. वेगवान गिरकीत हे उरकलं तर पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणालाही कळत नाही. नेमकं तेच बहुतेक वेळा होतं, कारण नर्तकांना थांबायला आवडत नाही. उपाय साधा आहे : या प्रवेशात तिला बिनबाह्यांचा झगा आणि त्याला काळा कोट द्यायचा. काळ्या पाठीवर चढलेला उघडा हात बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

हा क्षण कुठल्या सालावर ठेवायचा, यात इतिहासाची परीक्षा असते. मोह होतो १७ ऑक्टोबर १९४५ चा. पेरोनला अटक झाली होती, कामगार राजधानीतल्या प्लासा दे मायो या चौकात लोटले, रात्री तो बाल्कनीत आला. ही गर्दी एव्हाने जमवली अशी दंतकथा तिच्या भक्तांनी आणि शत्रूंनी मिळून वाढवली. अभ्यासकांच्या मते त्या दिवशी तिचा वाटा नगण्य होता. ती गर्दी कामगार संघटनांची. तेव्हा त्या दिवशी ती अजून मागे येणारीच हवी. मिठी उलटावी ती १९४७-४८ मध्ये. सप्टेंबर १९४७ मध्ये बायकांना मताधिकार देणारा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तिच्या नावाची संस्था उभी राहिली. कायद्याआधी, १९४७ च्याच जून ते ऑगस्टमध्ये, ती युरोपच्या दौऱ्यावर गेली होती, एकटी. तो दौरा एकटीच्या पावलांनी दाखवला की पुढची उलटलेली मिठी आकाशातून पडल्यासारखी वाटत नाही.

अशीच एक दंतकथा आगुस्तिन मागाल्दीची. हा टँगो गायक हुनीनला आला आणि तिला राजधानीत घेऊन गेला, असं लंडनच्या १९७८ च्या संगीतिकेमुळे जगभर पसरलं. त्या सुमारास तो हुनीनला गायल्याची नोंद सापडत नाही. टँगोच्या प्रयोगाला टँगो गायकाचं पात्र सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. मग त्याला प्रियकर न करता गाडीच्या डब्यात वाजणारा आवाज करावा. गाणं राहतं, खोटं जातं.

गर्दी हा टँगोचा कच्चा दुवा आहे. सहा जोड्या म्हणजे बारा माणसं, आणि बारा माणसं मिठीत नाचायला लागली की चौक भरल्यासारखा वाटत नाही, लग्नाचं रिसेप्शन वाटतं. म्हणून १७ ऑक्टोबरला मिठ्या सोडायच्या आणि मालांबो आणायचा. हा पंपातल्या गुराख्यांचा पायठोक्याचा नाच आहे, बोंबो नावाच्या ढोलावर चालतो आणि त्यात जोडी लागत नाही. शेवटी बूट काढून मंचाच्या कडेला बसायचं आणि फक्त अनवाणी पायांवर दिवा ठेवायचा. त्या दिवशी दमलेले कामगार चौकातल्या कारंज्यात पाय सोडून बसले होते. तो फोटो अर्जेंटिनात शाळकरी पोरही ओळखतं. व्यावहारिक अडचण एवढीच की मालांबोचे टणक टाचांचे बूट नाचासाठी अंथरलेल्या पातळ विनाइलला भोकं पाडतात, आणि खाली काँक्रीट असेल तर नडग्या दुखावतात. त्यासाठी साधारण अडीच मीटर बाय सव्वा मीटरचा प्लायवुडचा घडीचा चौथरा सोबत न्यावा. आवाजही त्यावर खणखणीत येतो.

जे पायांनी सांगता येत नाही ते रेडिओने सांगावं. निवेदक आणून उभा केला की चरित्राचं व्याख्यान होतं, पण रेडिओ एव्हाचं घरच आहे. १९४० च्या दशकात रेडिओ बेल्ग्रानोवर तिने इतिहासातल्या नामवंत बायकांची चरित्रं नाट्यरूपात सादर केली होती. म्हणजे जिचं चरित्र आपण मांडतोय तिचा धंदाच चरित्रं मांडण्याचा होता. अंधारात रेडिओची पिवळी तबकडी आणि वीस सेकंदांचा आवाज, त्या त्या देशाच्या भाषेत. त्याहून लांब नको. गाणी मात्र स्पॅनिशच राहू द्यावीत. त्यांत लुन्फार्दो नावाची रस्त्यावरची बोली असते, शब्दांची अक्षरं उलटवणारी. टँगोचं ‘गोतान’ होतं. आपल्याकडच्या च-च्या भाषेची ही दूरची बहीण. असल्या ओळींचं भाषांतर मंचाच्या वरच्या पट्टीवर चालवलं तर लोक पाय बघायचे सोडून वाचत बसतात. प्रत्येक गाण्याला एक ओळ पुरे.

लांबीचा हिशेब सोपा आहे. सुवर्णकाळातल्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून बहुतेक चाली तीन मिनिटांच्या. नव्वद मिनिटांच्या प्रयोगात वेश बदलायचे आणि रेडिओचे तुकडे धरून पंचवीस-सव्वीस चाली होतात. तीन मिनिटांत मुख्य नर्तकीला झगा, बूट आणि केस बदलून परत यायचं असतं. केसांचा हिशेब इथे महत्त्वाचा. एव्हा मुळात काळ्या केसांची. १९४४ मध्ये एका चित्रपटासाठी केस सोनेरी झाले, नंतर मागे घट्ट बांधलेला अंबाडा आला. म्हणजे तीन टप्पे. सोनेरी टोप नुसता चापांवर बसवला तर दुसऱ्या गिरकीत कानावर येतो. आधी डोक्यावर जाळीची टोपी, तिला टोप चार ठिकाणी पिनांनी, आणि घामासाठी कपाळाशी सुती पट्टी. काळे केस स्वतःचे ठेवून फक्त दोनच टोप केले तर एक बदल वाचतो.

वाद्यवृंदाचं ओझं बँडोनिऑनवर असतं. हे मूळचं जर्मन वाद्य. बाजाच्या पेटीसारखंच, आतल्या धातूच्या पातळ पत्त्यांवरून हवा गेली की सूर निघतो, पण भाता उघडताना एक सूर आणि मिटताना त्याच बटणावर दुसरा. प्रचलित प्रकाराला उजव्या हाताला ३८ आणि डाव्याला ३३ अशी ७१ बटणं असतात. वादकांना प्यारी असतात ती दुसऱ्या महायुद्धाआधी सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डला आल्फ्रेड आर्नोल्डच्या कारखान्यात बनलेली. जुनी वाद्यं देशाबाहेर कायमची जाऊ नयेत म्हणून अर्जेंटिनाने २००९ मध्ये त्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. दौऱ्याआधी वादकाने वाद्याची कागदपत्रं तयार ठेवावीत. विमानात ते सामानात टाकायचं नाही, मांडीवर घ्यावं लागलं तरी चालेल. दमट गावातून थंड, कोरड्या गावात गेलं की एखादा पत्ता चिकटतो, त्यामुळे पोहोचल्यावर तासभर पेटी उघडी ठेवून वाद्याला खोलीची सवय होऊ द्यावी.

सुरांचा घोळ सर्वांत जास्त पियानोवरून होतो. बँडोनिऑनचे पत्ते गावोगाव घासून सुरात आणता येत नाहीत, ते कारागिराचं दिवसांचं काम. तेव्हा जुळवून घ्यायचं ते पियानोने. थिएटरला आधी पत्र जातं त्यात ‘पियानो सुरात हवा’ एवढं लिहून भागत नाही. आपला बँडोनिऑन ४४० हर्ट्झवर लावलेला आहे की ४४२ वर, तो आकडा लिहावा लागतो. ते राहून गेलं की पहिल्याच संथ चालीत दोन्ही वाद्यं एकमेकांवर लहरताना ऐकू येतात, आणि तेव्हा प्रेक्षक आत आलेले असतात. माइक दोन हवेत, वाद्याच्या दोन्ही टोकांना, कारण उजव्या आणि डाव्या हाताचा आवाज विरुद्ध दिशांना बाहेर पडतो. एकच माइक मध्ये ठेवला तर भात्याचा सुस्कारा मोठा आणि सूर बारीक येतो.

जमिनीबद्दल टँगोवाले अक्षरशः भांडतात, आणि बरोबर भांडतात. बाईची टाच सात ते नऊ सेंटिमीटर, सगळी गिरकी चवड्यावर. जमीन चिकट असली की पाऊल थांबतं आणि गुडघा फिरत राहतो. दुखापती तिथेच होतात. फार गुळगुळीत असली तर एकमेकांवर रेललेली जोडी बसते खाली. लवचीक लाकडी जमिनीवर विनाइलचे पट्टे, आणि त्यांवर मऊ चामड्याचे तळवे, ही चालणारी जोडणी. गुंडाळी सोडून पट्टे काही तास पसरून ठेवावे लागतात, नाहीतर दिव्यांच्या उष्णतेने ते नंतर फुगतात आणि जोडाची चिकटपट्टी टाचेत अडकते. पावडर टाकायची नाही. ती एका जागी साचते आणि पुढच्या प्रवेशात कुणीतरी घसरतं. तळवा गुळगुळीत झाला असेल तर तारेच्या ब्रशने खरवडून घ्यावा.

युरोपातल्या काही जुन्या थिएटरांत मंच प्रेक्षकांकडे उतरता असतो. उतारावर पुढे तोंड करून केलेल्या सगळ्या गिरक्या पुढे सरकतात. अशा ठिकाणी दुपारी तासभर फक्त जागेची तालीम घ्यावी. जोडीच्या रेलण्याच्या हालचाली आडव्या दिशेला वळवाव्यात आणि ‘गांचो’, म्हणजे जोडीदाराच्या पायांत पाय अडकवून मारायचा हिसका, निम्म्या उंचीवर आणावा. दिव्यांत एकच गोष्ट विसरू नये : काळ्या विनाइलवर पुरुषाचे काळे बूट दिसत नाहीत. विंगांतून घोट्याच्या उंचीवर आडवे दिवे लावले नाहीत तर अर्धा टँगो अंधारात जातो.

जोडीतला एक जण दुखावला की दोघं बाद होतात. वर्षानुवर्षांची छातीची ओळख आयत्या वेळी दुसऱ्याशी होत नाही. म्हणून सहा जोड्यांची कंपनी असेल तर समूहनाच पाच जोड्यांवर बसवावेत, आणि एव्हा-पेरोनची कामं आणखी एका जोडीला संपूर्ण येत असावीत, वेशांच्या मापांसकट.

उरतो शेवट. आजारपण टँगोत दाखवणं तुलनेनं सोपं आहे, कारण ‘वोल्कादा’ नावाची हालचालच मुळी तोल सोडून जोडीदाराच्या अंगावर रेलण्याची. सुरुवातीच्या प्रवेशांत ती प्रेमाची वाटते, शेवटी तीच आधाराची होते. ११ नोव्हेंबर १९५१ ला तिने रुग्णालयाच्या खाटेवरून मत दिलं, आयुष्यातलं पहिलं. २६ जुलै १९५२ ला ती गेली. मृत्यूची अधिकृत वेळ रात्री ८ वाजून २५ मिनिटं, आणि पुढे रेडिओवर रोज त्या मिनिटाची आठवण दिली जाई. रेडिओची तबकडी इथे शेवटची पेटते आणि विझते.

पण तिची गोष्ट तिथे संपली नाही. पेद्रो आरा या स्पॅनिश डॉक्टरने शव टिकवून ठेवलं. १९५५ मध्ये पेरोनला उलथवणाऱ्या लष्कराने ते पळवलं, १९५७ मध्ये मिलानच्या दफनभूमीत खोट्या नावाने पुरलं. १९७१ मध्ये ते माद्रिदला पेरोनकडे पोहोचलं, आणि १९७६ पासून ते ब्युनोस आयर्समधल्या रेकोलेताच्या दफनभूमीत आहे. पियाझोलाचा नवा टँगो याच वर्षांतला, तेव्हा इथे तो खुशाल वाजवावा, आठ मात्रांचा ३-३-२ असा लंगडता ठेका आणि सगळं.

नाचायला मात्र एकटा पेरोन उरतो. तो मिठी तशीच धरून चालतो : उजवा हात हवेतल्या पाठीवर, डाव्या तळहातात काही नाही. यात कसब एकाच गोष्टीचं आहे. मिठीत कुणी नसलं की साधारण मिनिटभरात नर्तकाच्या नकळत उजवं कोपर खाली येतं, दोन हातांमधली जागा मिटत जाते, आणि प्रेक्षकांना ती दिसायची थांबते. म्हणून तालमीत त्या जागी शिंपिणीचा कपडे बेतायचा पुतळा उभा करून मापं पक्की करतात, मग पुतळा काढतात, आणि हा तुकडा दीड मिनिटाच्या आत संपवतात.